चौदा दिवस, एकच शेतघर: मुले आणि आजींसह उंब्रियात

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे एक कुटुंब, म्हणजे आईवडील, ५ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या, ६८ वर्षांच्या पूर्ण शाकाहारी आजी, पुढच्या मे महिन्याच्या अखेरीस १४ दिवसांसाठी इटलीला यायचे म्हणत आहेत. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस आणि मिलान असा पाच शहरांचा आराखडा त्यांच्या हातात तयार आहे. पण तो वाचूनच आईला दमल्यासारखे झाले आहे. त्याऐवजी खेड्यातल्या एखाद्या शेतावर राहिलो तर मुले कंटाळतील का, आजींच्या जेवणाचे काय, गाडी चालवावीच लागेल का, आणि इतका खर्च करून काहीच पाहिले नाही असे तर होणार नाही ना, असे त्यांनी विचारले आहे.

मी मूळची कऱ्हाडची. गेली १७ वर्षे इटलीतल्या पेरूजा शहराजवळ राहते आणि भारतातून, तसेच लंडन-म्युनिकमधून येणाऱ्या भारतीय कुटुंबांची शेतघरांत राहण्याची व्यवस्था लावून देते. माझी दोन्ही मुले इथेच वाढली. तेव्हा जे लिहिते आहे ते थोडे धंद्याच्या अनुभवाचे आहे आणि बरेचसे आईपणाच्या अनुभवाचे.

पाच शहरांचा आराखडा मी बाजूला ठेवला असता. त्यात चार वेळा सामान बांधणे, चार वेळा हॉटेलची खोली रिकामी करून दुपारी तीनपर्यंत बॅगा सांभाळत बसणे आणि प्रत्येक नव्या जागी मुलीला रात्री झोप न लागणे हे सारे धरलेले नसते. मुलांच्या प्रवासात वेळ खातो तो मुक्काम बदलण्याचा दिवस, आणि तो कुठल्याच वेळापत्रकात दिसत नाही. १४ दिवसांचे मी ११ आणि ३ असे भाग करीन: ११ रात्री एकाच शेतघरात, १ रात्र परतीच्या वाटेवर ओर्व्हिएतोला आणि शेवटच्या २ रोमला. शेतघर उंब्रिया प्रांतातल्या त्राझिमेनो तळ्याच्या काठचे निवडीन. शेजारचे तोस्काना, म्हणजे टस्कनी, अधिक प्रसिद्ध आणि म्हणून अधिक महाग आहे, पण तळ्याकाठाहून तोस्कानातले पिएन्झा गाडीने तासाभराच्या आतच आहे. थोडक्यात, तोस्काना हातचे जात नाही. फक्त त्याचे भाडे भरावे लागत नाही.

शेतघर म्हणजे ज्याला इथे 'अग्रितुरिझ्मो' म्हणतात ते. या शब्दामागे कायदा आहे, हे बऱ्याच प्रवाशांना ठाऊक नसते. १९८५ साली इटलीने यासाठी पहिला कायदा केला आणि २००६ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. ज्याच्याकडे खरोखर शेती चालते आणि जिथे शेती हाच मुख्य उद्योग आहे, त्यालाच या नावाखाली पाहुणे ठेवता येतात, आणि पानात जे वाढले जाते त्याचा मोठा भाग स्वतःच्या शेतातला किंवा त्याच भागातला असावा लागतो. देशभरात अशी २५ हजारांहून अधिक शेतघरे आहेत. अर्थात कायद्याच्या चौकटीत बसूनही काही ठिकाणी शेती म्हणजे कुंपणापलीकडची ऑलिव्हची झाडे आणि पाहुण्यांना दाखवायचे एक गाढव एवढेच उरलेले असते. मुलांसाठी तिथे काही नाही. म्हणून जागा ठरवण्यापूर्वी मालकाला एकच प्रश्न विचारा: आम्ही येऊ त्या आठवड्यात शेतात कोणते काम चालू असेल? मे अखेरीला गवताची कापणी, द्राक्षवेलींची बांधणी, मेंढ्यांचे दूध काढणे असे काहीतरी उत्तर आले तर जागा खरी. तलावाचे आणि सूर्यास्ताचे फोटो आले तर पुढचा पत्ता पाहा.

तलावाचा विषय निघाला म्हणून सांगते. मेमध्ये शेतघरांचे पोहण्याचे तलाव बहुधा गरम केलेले नसतात. पुष्कळ ठिकाणी ते जूनमध्येच उघडतात. मुलाला पोहण्याचे आश्वासन देऊन आणू नका. तलावाभोवती कुंपण आहे का हे मात्र जरूर विचारा, कारण ५ वर्षांच्या मुलीसाठी तलाव बंद असला तरी पाणी हे पाणीच.

मेचा शेवटचा आठवडा एरवी उत्तम आहे. इथल्या शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुटतात, त्यामुळे शेतघरे रिकामी असतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये असतो तसा शनिवार ते शनिवार घ्यायचा हट्ट मालक धरत नाहीत. फक्त २ जून हा प्रजासत्ताक दिन असल्याने त्याला लागून आलेल्या सुट्ट्यांत इटालियन कुटुंबे बाहेर पडतात; त्या रात्री आधीच राखून ठेवा. गव्हाच्या शेतांत तेव्हा लाल पॉपीची फुले असतात आणि सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो. रात्री गारवा असतो, मधूनच गडगडाटासह पाऊस येतो, तेव्हा प्रत्येकाला एक स्वेटर आणि एक पावसाळी जॅकेट हवे. आणि काजवे. आपल्याकडे भंडारदऱ्याला ज्या दिवसांत काजवे पाहायला गर्दी उसळते, त्याच दिवसांत इथल्या न कापलेल्या गवतावर ते उतरतात, आणि पाहायला तुमच्या घरचीच पाच माणसे असतात.

आता मुले कंटाळतील का? हो, कंटाळतील. माझ्या अनुभवात पहिले तीन दिवस अवघड जातात. पहिला दिवस विमानाच्या थकव्यात जातो. दुसऱ्या दिवशी सगळे नवे असते. तिसऱ्या दिवशी मुलगा विचारतो की आज कुठे जायचे, आणि कुठेच नाही म्हटले की तोंड पाडून बसतो. याच दिवशी बहुतेक बाबा गाडीची किल्ली उचलतात. ती उचलू नये, एवढेच माझे सांगणे आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी मुलांना जागा पाठ झालेली असते. कोणत्या दगडाखाली सरडा असतो, कोंबड्या अंडी कुठे घालतात, मालकाचा ट्रॅक्टर किती वाजता परततो हे त्यांना तुमच्याआधी कळते, आणि मग ती तुम्हाला विचारत नाहीत. नाशिकहून आलेला एक ८ वर्षांचा मुलगा सहाव्या दिवसापासून रोज सकाळी सातला शेतघराच्या आजोबांबरोबर भाजीच्या वाफ्यांना पाणी द्यायला जात असे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पाण्याची नळी कुणाच्या हातात राहायची यावरून त्यांचे रोज भांडण मात्र व्हायचे.

दिवसाचा आकार गावाकडून घ्या. सकाळी साडेआठ-नऊला बाहेर पडून साडेबारापर्यंत परतायचे. एक ते चार गावात दुकाने, चर्च बहुधा बंद असतात आणि उपाहारगृहाचे स्वयंपाकघर अडीचला बंद झाले की साडेसातशिवाय उघडत नाही. आपल्या कुटुंबांचे सर्वाधिक हाल या खिडकीत होतात: तीन वाजता उन्हात, भुकेल्या मुलांसह, बंद दारांसमोर. त्या वेळी घरी असा, भात खा, झोपा. साडेपाचला गावच्या चौकात जा. तिथे म्हाताऱ्या बायका बाकावर बसलेल्या असतात, मुले चेंडू खेळत असतात, आणि रात्री दहाला ५ वर्षांची मुलगी आईस्क्रीम खात फिरताना दिसली तरी कुणी भुवई उंचावत नाही. चेंडू पुण्याहून आणायची गरज नाही, पण पहिल्याच दिवशी विकत घ्या. त्यासारखी ओळखपत्रे दुसरी नाहीत.

एकाआड एक दिवस सहल, आणि एका सहलीत एकच गोष्ट, असा नियम ठेवला तर ११ दिवसांत पाच सहली होतात. मी निवडीन त्या या.

पहिली अगदी जवळची, तळ्यातल्या इझोला माज्जोरे बेटाची. पास्सिन्यानो, तुओरो किंवा कास्तिल्योने देल लागो इथून नियमित बोट सुटते. बेटावर मासेमाऱ्यांचे एकच गल्लीचे गाव, तित्तिरकुळातले फेझंट पक्षी वाटेत आडवे येणारे, आणि क्रोशाची बारीक लेस विणण्याची १९०४ पासूनची परंपरा. आजींना क्रोशाकाम येत असेल तर त्यांना तिथून हलवणे कठीण जाईल. त्राझिमेनो हे इटलीच्या द्वीपकल्पातले सर्वांत मोठे तळे असले तरी जेमतेम ६ मीटर खोल आहे आणि काठ हळूहळू उतरत जातो, त्यामुळे मुलांनी घोटाभर पाण्यात दगड गोळा करायला ते चांगले. संध्याकाळी दिव्यांभोवती चिलटांचे ढग जमतात. ती चावत नाहीत, पण डाळीत पडतात. शेतघर काठाला चिकटून न घेता दोन-तीन किलोमीटर वर टेकडीला घ्यावे ते याचसाठी. उत्तर काठावर तुओरोजवळ इसवी सनापूर्वी २१७ साली कार्थेजच्या हॅनिबल या सेनापतीने रोमन सैन्याचा फडशा पाडला: एका बाजूला तळे, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधल्या चिंचोळ्या वाटेने धुक्यात चाललेले सैन्य आणि वरून उतरलेले शत्रू. गनिमी काव्याच्या गोष्टींवर वाढलेल्या ९ वर्षांच्या मुलाला तिथे उभे करून दाखवा. समजावून सांगायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

दुसरी सहल गुब्बियोची. संत फ्रान्सिसने जिथल्या लांडग्याला माणसाळवले अशी कथा आहे, ते हे गाव. डोंगरावरच्या मठाकडे जाणारा रोपवे म्हणजे उघडे लोखंडी पिंजरे आहेत. एका पिंजऱ्यात दोघांनी उभे राहायचे, आणि पिंजरा थांबत नाही, चालता चालता त्यात शिरायचे असते. मुले या एका गोष्टीसाठी वर्षभर तुमचे ऋण मानतील. आजींना खाली चौकात कॉफी घेऊ द्या.

तिसरी मार्मोरेचा धबधबा. हा निसर्गाचा नाही, माणसाचा आहे. इसवी सनापूर्वी २७१ साली रोमनांनी दलदलीचे पाणी काढून द्यायला कालवा खणला आणि ते पाणी कड्यावरून खाली सोडले. तीन टप्प्यांत मिळून उंची १६५ मीटर. आज ते पाणी वीजनिर्मितीसाठी वळवलेले असते आणि ठरलेल्या वेळांनाच धबधब्याला सोडतात. त्या दिवसाच्या वेळा आधी पाहूनच निघा, पाणी सुटण्याच्या दहा मिनिटे आधी पोहोचा. कोरडा कडा, मग भोंगा, मग पाण्याची पहिली रेघ आणि बघता बघता सगळे दृश्य तुषारांनी झाकून जाणे, हे सगळे मुलांनी क्रमाने पाहायला हवे. जाऊन यायला मिळून तीन तास लागतात, म्हणून त्याच्या आदल्या आणि नंतरच्या दिवशी कुठेही जाऊ नका.

चौथी पेरूजा. तिथे शहर उंच टेकडीवर आणि वाहनतळ खाली आहे, आणि वर जायला एका पुरलेल्या किल्ल्याच्या पोटातून सरकते जिने लावलेले आहेत. शिवाय २००८ पासून बिनचालकाचे छोटे डबे रुळांवरून वर-खाली करतात. मुलांना चित्रसंग्रहालय नको असते, हे हवे असते. पाचवी संत फ्रान्सिसचे गाव असिसी, तीही सकाळी नऊच्या आत. २०२६ हे संत फ्रान्सिसच्या मृत्यूचे ८०० वे वर्ष आहे, तेव्हा त्या वर्षी येणार असाल तर गर्दीची तयारी ठेवा. पक्ष्यांना उपदेश करणाऱ्या फ्रान्सिसचे भित्तिचित्र मुलांना दाखवा, बाकीची सोडून द्या. तुमचा मुक्काम जूनच्या पहिल्या आठवड्यात लांबणार असेल तर आणखी एक योग जुळू शकतो. ईस्टरच्या रविवारनंतर नवव्या रविवारी स्पेल्लो गावातले लोक रात्रभर जागून गल्ल्यांमध्ये पाकळ्यांचे गालिचे घालतात; २०२६ मध्ये तो ७ जूनला येतो. आदल्या संध्याकाळी जा. तयार गालिच्यापेक्षा ओणव्याने बसून पाकळ्या रंगांप्रमाणे निवडणारी मंडळी पाहण्यात जास्त गंमत आहे, आणि घरी दारासमोर रांगोळी घालणाऱ्या आजींना त्यातले कौशल्य तुमच्याहून लवकर कळेल.

आजींच्या जेवणाची चिंता समजते, पण उंब्रियाबाबत ती मला सर्वांत कमी वाटते. हा मुळात डाळी-कडधान्यांचा प्रांत आहे. त्राझिमेनोकाठी 'फाजोलीना' नावाचे एक चिमुकले कडधान्य होते, आणि ते दुसरे तिसरे काही नसून आपल्या चवळीचेच भावंड आहे, तीच वनस्पती. शेंगा एकदम पिकत नाहीत म्हणून दिवसामागून दिवस हाताने तोडाव्या लागतात. त्या कष्टांपायी ते जवळजवळ नामशेष झाले होते, आता पुन्हा पिकवतात आणि मोलाने विकतात. 'चिचेर्किया' म्हणजे विदर्भातली लाखोळी. कास्तेल्लुच्चोची मसूर इतकी बारीक आणि पातळ सालीची की भिजवावी लागत नाही. शेतघरात स्वयंपाकघर असलेले बिऱ्हाड घ्या आणि कुकर मागा. इथल्या घराघरांत तो असतो. हळद, गोडा मसाला, हिंग, मेतकूट तेवढे घरून आणा. तूप, पेढे, बर्फी, श्रीखंडाच्या वड्या आणू नका: युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना आणता येत नाहीत. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नाहीत. मेअखेर निघताना हापूसची पेटी बरोबर घ्यावीशी वाटेल. विमानतळावर ती डोळ्यांदेखत कचऱ्यात जाते, मी पाहिली आहे.

बाहेर जेवताना नुसते 'शाकाहारी' म्हणून भागत नाही, कारण रस्सा हाडांच्या पाण्यावर केलेला असू शकतो आणि ते त्यांच्या लेखी मांस नव्हे. मांस नाही, मासे नाहीत, मांसाचे पाणी नाही आणि चरबी नाही, अशी चार वाक्ये इटालियनमध्ये कागदावर लिहून घेऊन वाढप्याला दाखवा. चीजमध्ये मात्र अडचण आहे: पार्मेझान आणि बहुतेक पेकोरिनो वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. आजींना ते चालते की नाही, हा त्यांचा निर्णय. त्यांना आधी सांगा, नंतर कळून वाईट वाटू देऊ नका. मुलांसाठी नुसत्या टोमॅटोची पास्ता कार्डावर नसली तरी मागितली की मिळते. जेवणाच्या बिलात माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' म्हणून लागतात. ती फसवणूक नाही, पाव आणि ताटवाटीचा आकार आहे.

आणि 'तोर्ता अल तेस्तो'. 'तेस्तो' म्हणजे जाड, सपाट, गोल तवा, पूर्वी दगडाचा, आता लोखंडाचा. त्यावर गव्हाच्या पिठाची बोटभर जाडीची भाकरी भाजतात. मालकीणबाईंना विनंती केली तर बहुतेक ठिकाणी त्या मुलांना हाताशी घेऊन शिकवतात. तवा तापला की नाही हे पाहायला त्या चिमूटभर पीठ त्यावर टाकतात: लगेच काळे पडले तर तवा फार तापला, पांढरेच राहिले तर थांबायचे, सावकाश बदामी झाले की भाकरी टाकायची. मग काट्याने टोचे मारतात, उलटतात, कडेवर उभी धरून गोल फिरवत भाजतात. गेल्या वर्षी साताऱ्याच्या एक आजी हे बघत उभ्या होत्या. तिसऱ्या भाकरीला त्यांनी न राहवून काटा बाजूला ठेवला आणि ती हातानेच उलटली. मालकीणबाई क्षणभर थांबल्या, मग त्यांनी उरलेला गोळा आजींपुढे सरकवला. पिठात कधीकधी डुकराची चरबी घालतात, म्हणून ऑलिव्ह तेल वापरायला आधी सांगून ठेवा. आत उकडलेली पालेभाजी भरली की जेवण झाले.

गाडी लागेल, त्याला इलाज नाही. भारतीय परवान्यासोबत आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना हवाच. गाड्या बहुतेक हातगिअरच्या असतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर महिनाभर आधी राखून ठेवा. दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना कायद्याने लहान मुलांची आसने लागतात, म्हणजे तुमच्या दोन्ही मुलांना. आता हिशोब करा: मागच्या बाकावर दोन आसने लावल्यावर मधे उरते ती वीतभर जागा, आणि तिथे आजी ११ दिवस बसणार. गाडी एक आकार मोठी घ्या, किंवा मागे तीन स्वतंत्र आसने असलेली घ्या. विमानातून उतरल्या उतरल्या रोमच्या विमानतळावर गाडी घेऊन उजव्या बाजूने चालवायला सुरुवात करू नका. आगगाडीने तळ्याजवळच्या क्यूसी स्टेशनपर्यंत या. रोमहून पावणेदोन-दोन तास लागतात आणि ४ वर्षांवरील मुलांचे तिकीट काढावे लागते, हे लक्षात ठेवा. पहिल्या रात्री झोपा आणि दुसऱ्या सकाळी गाडी ताब्यात घ्या. छोट्या गावांतली भाड्याच्या गाड्यांची कार्यालये दुपारी आणि रविवारी बंद असतात, म्हणून आगमनाचा वार पाहून तिकीट काढा.

जुन्या गावांच्या वेशीवर पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ दिसले की आत शिरू नका. आत फक्त रहिवाशांच्या गाड्यांना परवानगी असते आणि कॅमेरा क्रमांक टिपतो. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी, रस्ता चुकून मी एकाच संध्याकाळी त्याच वेशीतून दोनदा गेले. सात महिन्यांनी दोन स्वतंत्र दंडाच्या नोटिसा आल्या, आणि गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीने माझा पत्ता कळवल्याबद्दल दोनदा वेगळे पैसे कापले. 'वार्को अत्तीवो' अशी अक्षरे पेटलेली असली तर बंदी चालू आहे. हा शब्द 'सक्रिय' अर्थाचा असल्याने पुष्कळ लोक रस्ता खुला समजून आत जातात. वाहनतळावर पांढरे पट्टे फुकट, निळे पैसे भरून, पिवळे रहिवाशांचे. शेतघराचा शेवटचा दोन-तीन किलोमीटरचा रस्ता बहुधा कच्चा, पांढऱ्या खडीचा असतो. वळणांत मुलांना मळमळते, तेव्हा आवळासुपारी खिशात ठेवा आणि अंधार पडण्यापूर्वी पोहोचा.

शेतावरच्या काही गोष्टी आधी ठाऊक असाव्यात. घराला वीज बहुधा ३ किलोवॉटचीच असते. कपडे धुण्याचे यंत्र, ओव्हन आणि इस्त्री एकदम लावली की घर अंधारात जाते आणि बटन बहुधा बाहेरच्या भिंतीवरच्या पेटीत असते. ते कुठे आहे हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. कपडे वाळवायला दोरी असते, यंत्र नसते. उंच गवतातून आल्यावर मुलांचे पाय, गुडघ्याची मागची बाजू आणि केसांची मुळे पाहायची सवय लावा, कारण गोचिडी असतात. मेंढ्यांजवळचे मोठे पांढरे कुत्रे पाळीव दिसले तरी राखणदार असतात. त्यांच्याकडे धावत जायचे नाही, हे मुलीला मालकाच्याच तोंडून सांगवा, मग ती ऐकेल. किरकोळ दुखण्याला हिरव्या क्रुसाचे औषधाचे दुकान, गंभीर काही झाले तर ११२. बाजारात फळाला हात लावून ते निवडायचे नसते. दुकानदाराला सांगायचे, तो निवडून देतो. आजींना हे पटणार नाही.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ आणि ६ वर्षांखालील मुलांना काही नाही, तेव्हा मुलीचा सहावा वाढदिवस कधी आहे ते पाहा. प्रत्येकाचा किमान ३० हजार युरोंचा आरोग्यविमा आणि मुलांचे जन्मदाखले लागतात. शेतघराच्या मालकाकडून सगळ्यांची नावे आणि तारखा असलेले पत्र मागून घ्या. ईमेलवरचे 'या, वाट पाहतो' एवढे पुरत नाही.

ज्यांना हे जमणार नाही असेही लोक आहेत. ज्यांचा दिवस यादीवर खूण केल्याशिवाय सरत नाही, किंवा घरी परतल्यावर नातेवाईकांना व्हेनिसचा फोटो दाखवल्याविना चालणार नाही, त्यांनी दोन शहरे घ्यावीत, पाच नव्हे, आणि आगगाडीने फिरावे. तुमच्या प्रश्नात व्हेनिसचा उल्लेख एकदाच आहे आणि आजींच्या गुडघ्यांचा दोनदा, म्हणून मी तुम्हाला शेतघर सुचवते आहे. त्यासाठी तळमजल्याची खोली लेखी मागा. 'तळमजला' म्हटले तरी दाराशी चार दगडी पायऱ्या असतात. त्यांचा फोटो मागवा.

बाराव्या दिवशी सकाळी निघा, वाटेत ओर्व्हिएतोला थांबा आणि गाडी तिथेच परत करा. ते एका उभ्या कड्यावर वसलेले आहे आणि स्टेशनपासून वर दोरखंडाची गाडी जाते. तिथे मुलांना संत पॅट्रिकची विहीर दाखवा. १५२७ साली रोम लुटले गेले तेव्हा पोप सातवा क्लेमेंट या गावात येऊन राहिला, आणि वेढा पडला तर पाणी तुटू नये म्हणून त्याने ही विहीर खणायला लावली. १५३७ मध्ये ती पुरी झाली. खोली ५० मीटरांहून अधिक आहे. आपल्या बारवेला पायऱ्या असतात तशा हिलाही आहेत, पण इथे भिंतीच्या पोटात दोन वेगवेगळे जिने एकमेकांभोवती नागासारखे वळत जातात, म्हणजे पाणी आणायला खाली जाणारे खेचर आणि भरून वर येणारे खेचर वाटेत कधीच समोरासमोर येत नाहीत. २४८ पायऱ्या आहेत, त्यामुळे आजी वरच थांबतील. बाबांना मुलाबरोबर आधी उतरू द्या, तुम्ही मुलीला घेऊन दोन मिनिटांनी निघा, आणि ते तळाच्या पुलावरून पलीकडे जाऊन वर येऊ लागले की भिंतीतल्या खिडक्यांमधून एकमेकांना हाका मारा. आवाज येतो, माणसे दिसतात, पण गाठ पडत नाही. दुसऱ्या दिवशीच्या रोमच्या आगगाडीची तिकिटे मात्र दुपारनंतरची काढा, कारण मुले सकाळी पुन्हा विहिरीवर जायला मागतील.